ड्राफ्टिंगचे जुने पीसी : पैसा आधी कुठे घालावा?

मागच्या आठवड्यात प्लॉटरचा विचार केला. आज ज्या संगणकावर ड्रॉइंग तयार होते, त्याकडे वळू. पुणे, नाशिक, कोल्हापूरसारख्या शहरांतल्या लहान आर्किटेक्ट किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ऑफिसात आजही 2013 ते 2017 च्या दरम्यान घेतलेले पीसी दिसतात : इंटेलचा चौथ्या ते सातव्या पिढीचा प्रोसेसर, 4 किंवा 8 जीबी रॅम, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. तक्रारीही ठरलेल्या. फाइल उघडायला वेळ लागतो, झूम करताना स्क्रीन अडकतो, प्लॉट देताना ऑटोकॅड हँग होते. त्यावर दुकानदाराचे कोटेशन बहुधा मोठ्या ग्राफिक्स कार्डाने सुरू होते. माझे म्हणणे असे, की टूडी ड्राफ्टिंगच्या ऑफिसात हे कार्ड यादीत सर्वांत शेवटी यायला हवे. ड्राफ्ट्समन कशाची वाट पाहत बसतो हे आधी शोधावे आणि पैसा तिथेच घालावा. ते शोधायला काहीच खर्च येत नाही. रोजची सर्वांत जड फाइल उघडा आणि शेजारी विंडोजचा टास्क मॅनेजर चालू ठेवा. डिस्क, मेमरी आणि प्रोसेसर यांच्या आकड्यांत काय होते ते पाहिले की अर्धे कोटेशन आपोआप गळून पडते.

पण यंत्राला हात लावण्याआधी फाइल तपासा, कारण अनेकदा दोष तिच्यातच असतो. वर्षानुवर्षे एका ड्रॉइंगमधून दुसऱ्यात कॉपी-पेस्ट होत राहते. सल्लागारांकडून आलेल्या फाइलींतले न वापरलेले ब्लॉक, लाइनटाइप, इतर सॉफ्टवेअरच्या नोंदी असा सगळा गाळ सोबत येतो आणि साध्या बंगल्याच्या प्लॅनची फाइलही फुगते. पर्ज, ऑडिट आणि ओव्हरकिल या तीन कमांडींनी त्यातला बराचसा निघून जातो. पर्जच्या नेहमीच्या खिडकीत रजिस्टर्ड अॅप्सच्या नोंदी दिसत नसतील, तर कमांडच्या आधी उणे चिन्ह देऊन त्या वेगळ्या काढाव्या लागतात. दुसरे कारण आपल्याकडच्या सर्व्हेतून येते. सर्व्हेअर यूटीएम पद्धतीने काम देतो तेव्हा पुण्याच्या परिसरात उत्तरेकडचा आकडा साधारण 20 लाख मीटरच्या घरात असतो. हीच फाइल मिलिमीटरमध्ये केली, की ड्रॉइंग मूळ बिंदूपासून सुमारे 2 अब्ज एकक दूर जाते. मग हॅच तुटतो, रेषा थरथरतात, स्नॅप चुकतो आणि दोष मात्र पीसीला लागतो. यावर उपाय म्हणजे मूळ सर्व्हे जसाच्या तसा जपावा, कामाची प्रत मूळ बिंदूजवळ आणावी आणि ती किती सरकवली याची नोंद ड्रॉइंगवरच ठेवावी. ही नोंद राहिली नाही तर पुढे हद्दीचा घोळ होतो, म्हणून हे काम घाईत उरकू नये.

एवढे करूनही संथपणा उरला तर पाळी डिस्कची. मिनिटाला 7200 फेऱ्या घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या तबकडीला एका फेरीला सुमारे 8.3 मिलिसेकंद लागतात. त्यात वाचणारी सुई जागेवर जाण्याचा वेळ धरला, तर विखुरलेल्या नोंदी ती सेकंदाला जेमतेम शंभराच्या आसपास वाचते. एसएसडीत काही फिरतच नाही, त्यामुळे अशा हजारो नोंदी ती सेकंदात वाचते. विंडोज सुरू होणे, ऑटोकॅड उघडणे, एक्सरेफ जोडलेले ड्रॉइंग लोड होणे, आपोआप सेव्ह होणे ही सगळी विखुरलेल्या नोंदींचीच कामे आहेत. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा 100 टक्क्यांना चिकटून राहत असेल तर पहिला खर्च एसएसडीचा, त्यात दुमत नको. जुन्या मदरबोर्डवरही साटा जोडणीची एसएसडी बसते, आणि उद्या पीसी बदलला तरी ती काढून नव्यात लावता येते. रॅमबाबत फार बोलायला नको. टूडी कामाला 16 जीबी पुरते, मात्र विंडोज 32-बिट असेल तर 4 जीबीच्या पुढचे काहीच वापरले जात नाही. शिवाय ऑटोकॅडची 2020 पासूनची आवृत्ती 32-बिटवर चालतच नाही. रॅम विकत घेण्याआधी मदरबोर्ड डीडीआर3 चा आहे की डीडीआर4 चा, हेही पाहा. एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत सर्वाधिक फसगत होते. ऑटोकॅडचे बहुतेक काम एकाच कोअरवर चालते. रेंडरिंग आणि रीजेनसारखी मोजकी कामेच अनेक कोअरमध्ये वाटली जातात. म्हणून आठ थ्रेडच्या प्रोसेसरवर ऑटोकॅड पुरते गुंतलेले असतानाही टास्क मॅनेजर एकूण 12-13 टक्केच दाखवतो आणि पाहणाऱ्याला वाटते की प्रोसेसर रिकामा बसला आहे. प्रत्यक्षात एक कोअर दमलेला असतो आणि बाकीच्यांना काम नसते. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या झिऑन वर्कस्टेशनचा मोह म्हणूनच टाळावा. कागदावर आठ-दहा कोअर दिसतात, पण एका कोअरचा वेग जुनाच असतो. 2022 मध्ये आलेला चार कोअरचा साधा आय3-12100 टूडी ड्राफ्टिंगमध्ये त्यांना सहज मागे टाकतो. घेताना कोअर मोजू नका. प्रोसेसरची पिढी आणि एका कोअरचा वेग विचारा.

ग्राफिक्स कार्डाला एवढे शेवटी का ढकलायचे, असे कोणी विचारेल. ऑफिसात लुमियन, एन्स्केप किंवा थ्रीडी वॉकथ्रूचे काम रोज होत असेल, तर प्रश्न रास्त आहे; तिथे चांगल्या कार्डाशिवाय निभाव नाही. पण ते काम बहुतेक ऑफिसांत एकच माणूस करतो. चार पीसींना चार मध्यम कार्डे घेण्यापेक्षा त्याच्या एका पीसीला एक चांगले कार्ड द्यावे. मनपाच्या मंजुरीचे प्लॅन, वर्किंग ड्रॉइंग, आरसीसी डिटेल यांना अलीकडच्या प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स पुरते. रॅमची एक पट्टी लावण्याऐवजी दोन लावल्या तर त्यालाही थोडी मदत होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : जुन्या यंत्रावर पैसे घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे, त्यापेक्षा सगळे नवीन का घेऊ नये? यात तथ्य आहे, पण सगळ्या पीसींना ते सारखे लागू नाही. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागते आणि इंटेलमध्ये साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. सीमारेषा इथेच आखावी. आठव्या पिढीच्या किंवा त्यापुढच्या पीसीत एसएसडी आणि रॅम टाकणे हा शहाणपणाचा खर्च आहे. सातव्या किंवा त्याआधीच्या पीसीवर एसएसडीपलीकडे काही घालू नये, आणि तीही पुढे काढून घ्यायच्या तयारीने. त्या पीसींच्या जागी मोठ्या कंपन्यांच्या वापरातून परत आलेले आठव्या-दहाव्या पिढीचे ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क, थिंकसेंटर हा मधला मार्ग आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात असे पीसी मिळतात. जुन्या मालाचा भरवसा काय, ही शंका योग्यच. म्हणून जीएसटीचे बिल आणि लेखी वॉरंटी असेल तरच घ्या, दुकानातच विंडोज 11 ची तपासणी चालवून पाहा आणि आपली सर्वांत जड फाइल तिथे उघडून बघा. यांतल्या लहान आकाराच्या पेट्यांत पूर्ण उंचीचे ग्राफिक्स कार्ड बसत नाही आणि त्यांचा पॉवर सप्लायही ते पेलत नाही, हे लक्षात ठेवा.

सगळे पीसी एकाच दिवशी बदलायचीही गरज नाही. ज्याच्यावर सर्वाधिक जड फाइली येतात तो आधी बदला. आयकरात संगणकावर 40 टक्के घसारा मिळतो, पण त्या आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्माच मिळतो. त्यामुळे खरेदी सप्टेंबरच्या आत उरकली तर फायदा होतो. वाचलेल्या पैशांतून प्रत्येकाला दुसरा मॉनिटर द्यावा : एकावर आर्किटेक्टचा प्लॅन आणि दुसऱ्यावर आरसीसी, म्हणजे दिवसभर खिडक्या बदलत बसावे लागत नाही. यूपीएसची बॅटरी मेली असेल तर तीही याच खर्चात धरा. वीज अचानक गेली तर एसएसडीवरची फाइलही बिघडू शकते.

पुढच्या लेखांकात बॅकअपची व्यवस्था पाहू. एसएसडी बसवून झाली तरी तोवर जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट करू नका. तारीख आणि पीसीचे नाव लिहून ती कपाटात जपून ठेवा.