दारातल्या कोंबड्या

कोंबडी आपल्याकडून फार काही मागत नाही. सांडलेले दाणे खाते, उकिरडा उकरते, किडे वेचते. दिवस मावळला की आपली आपण खुराड्यात जाते. म्हणून घरोघर पाच-दहा कोंबड्या असतात. अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हातात राहतो. मीठमिरची, पोराची वही, तालुक्याला जायचे एसटीचे तिकीट, हे सारे त्यातून भागते. आणि मग एका उन्हाळ्यात आठ दिवसांत सगळे खुराडे रिकामे होते. "काय झालं?" म्हणून विचारावे, तर उत्तर येते, "मर आली." कोणी म्हणते, नजर लागली.

नजर वगैरे काही नाही. त्या रोगाचे नाव मानमोडी. सरकारी दवाखान्यात त्याला राणीखेत म्हणतात. राणीखेत हे हिमालयाच्या कुशीतले एक गाव. आपल्या देशात हा रोग प्रथम तिथे ओळखला गेला, म्हणून ते नाव पडले. यात त्या गावाचा काही दोष नाही.

मानमोडी ओळखायची कशी? कोंबडी पंख पाडून एका कोपऱ्यात बसते. दाणा टिपत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकते. हिरवट, पातळ हगते. पुढे मान वाकडी होते, पिळल्यासारखी पाठीवर जाते. पाय लुळे पडतात. लस न टोचलेल्या कोंबड्यांत हा रोग शिरला, तर दहांतली एखादीच वाचते. त्यावर औषध नाही. लसूण चारा, हळद पाजा, काही उपयोग होत नाही. रोग येण्याआधी लस देणे हा एकच खरा उपाय आहे.

पिल्लू आठवड्याचे झाले की डोळ्यात किंवा नाकात लसीचा एक थेंब टाकतात. ते चार आठवड्यांचे झाले की पुन्हा थेंब देतात. दोन महिन्यांचे झाले की सुईने लस टोचतात. त्यानंतर दर वर्षी, उन्हाळा सुरू होण्याआधी, एकदा टोचून घ्यावी. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात याची चौकशी करावी.

आता खरी अडचण सांगतो. लसीची एक बाटली बहुधा शंभर कोंबड्यांना पुरेल इतकी असते. ती बर्फात ठेवावी लागते. एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. ज्याच्या घरी आठ कोंबड्या, तो म्हणतो, "माझ्या आठांसाठी कोण येतंय?" त्याचे म्हणणे खरे आहे. पण गल्लीतल्या दहा-बारा घरांच्या कोंबड्या मोजा. शंभर सहज भरतात. म्हणून सर्वांनी मिळून दिवस ठरवावा. आदल्या रात्री कोंबड्या खुराड्यात कोंडाव्यात आणि पहाटे, त्या सुटण्याआधी, लस द्यावी. एकदा कोंबड्या रानात पांगल्या की त्यांच्यामागे धावून माणूस दमतो, आणि लस उन्हात वाया जाते. आजारी कोंबडीला मात्र लस देऊ नये.

रोग घरात येतो तो बहुतेक वेळा आपल्याच हाताने. आठवड्याच्या बाजारातून एक कोंबडी आणतो आणि सरळ बाकीच्यांत सोडतो. ती दिसायला धड असते, पण रोग आत मुरत असतो. नवी कोंबडी निदान एकवीस दिवस वेगळ्या डालग्याखाली ठेवावी. अंडे उबायला लागतात तितकेच दिवस. तिचे पाण्याचे भांडेही वेगळे असावे. आधी घरच्या कोंबड्यांना दाणा घालावा, मग नवीला. रोग पायाला, टोपलीला चिकटूनही येतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. एक-दोन कोंबड्या मेल्या की पुष्कळ लोक उरलेल्या घाईने बाजारात नेऊन विकतात. आपले चार पैसे वाचतात, पण रोग पाच गावांत जातो. घेणाराही आपल्यासारखाच गरीब असतो. आम्हाला हे बरे वाटत नाही. मेलेली कोंबडी उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नये. खोल खड्डा करून, वर चुना पसरून पुरावी. गावात एकदम पुष्कळ पक्षी मेले तर त्यांना उघड्या हाताने शिवू नये, दवाखान्याला कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लूची साथ आली होती. तो रोग माणसालाही होऊ शकतो.

बाकीचे रोग थोडक्यात सांगतो. तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती काळ्या खपल्या आल्या तर त्या देवी. डास चावून त्या पसरतात. त्यांचीही लस मिळते. लहान पिल्ले रक्त हगू लागली तर खुराडे ओले आहे असे समजा. खालचा भुसा बदला, आणि दवाखान्यातून पाण्यात घालायचे औषध त्याच दिवशी आणा. उद्यावर टाकू नका.

कोंबडी रात्री खुराड्यात जायला कुरकुरते, तुरा पांढरट दिसतो, अंडी कमी होतात. अशा वेळी बॅटरी घेऊन रात्री दांडीच्या फटी बघा. तिथे बारीक तांबड्या पिसवा सापडतील. त्या दिवसा फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. फटींत उकळते पाणी ओता, मग चुना फासा. अंगणात सुक्या मातीत चुलीची थंड राख मिसळून खड्डा करून ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात. ते त्यांचे न्हाणे.

आता कोंबडीच्या खोडी. त्या एकमेकींना टोचतात. थोडे टोचणे असायचेच. कोंबड्यांत थोरली-धाकटी ठरलेली असते, नवी आली की मानपान नव्याने ठरतात. पण रक्त निघू लागले तर कारण शोधावे. जागा अपुरी असते, नाहीतर नुसत्या कण्या खाऊन अंगाला पोषण मिळत नाही. जखमी कोंबडी लगेच बाजूला काढा, कारण रक्त दिसले की सगळ्या तिच्यावर तुटून पडतात. शेवग्याचा पाला उंच टांगून ठेवा. टोचायला काम मिळते, आणि पोटातही जाते. वाळवी, शेंगदाण्याची पेंड दिली तर उत्तम.

काही कोंबड्या स्वतःची अंडी फोडून खातात. बहुधा कवच पातळ असते, अंडे चुकून फुटते आणि चव लागते. शिंपल्यांचा चुरा एका वाडग्यात ठेवा. अंड्यांची टरफले द्यायची तर भाजून अगदी बारीक कुटून द्या. अंडी घालायची टोपली अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा आणि अंडी सकाळीच उचला.

आणि खुडूक कोंबडी! ती टोपली सोडत नाही, हात लावला की फुगते, अंडी बंद करते. काही लोक तिच्या नाकात पीस खुपसतात, काही पाण्यात बुडवतात. तो नुसता छळ आहे. खुडूक होणे हा रोग नव्हे, तिला आई व्हायचे असते. पिल्ले हवी असतील तर दहा-बारा ताजी अंडी खाली ठेवून तिला बसवा. नको असतील तर खालून वारा लागेल अशा पिंजऱ्यात, उजेडात, तीन-चार दिवस ठेवा. दाणापाणी भरपूर द्या. पोटाखाली ऊब राहिली नाही की तिचा नाद सुटतो, आणि थोड्याच दिवसांत ती पुन्हा अंड्यावर येते.