उपस्थितीची पाटी

ज्या घरांत मोबाइल फोन आहे, तेथील मुलांस ‘ऑनलाइन’ आणि ‘लास्ट सीन’ हे शब्द शिकवावे लागत नाहींत. परंतु फोन हीं अक्षरें कशाच्या आधारें दाखवितो व त्यांवर किती भिस्त ठेवावी, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं.

जुन्या टेलिफोनांत एक उणीव होती. पलीकडील मनुष्य जेवतो आहे, निजला आहे, कीं परगांवीं गेला आहे, हें घंटा वाजविणारास कळत नसे. संगणक आल्यावर ही उणीव भरून काढण्याचे यत्न झाले. इस्रायलमधील मिराबिलिस कंपनीचें आयसीक्यू १९९६ सालीं निघालें. त्यांत मित्राच्या नांवाशेजारीं हिरवें फूल दिसलें कीं तो संगणकापाशीं आहे असें समजावें, तांबडें दिसलें तर नाहीं.

२००९ सालीं यान कूम यांनीं व्हॉट्सअ‍ॅप काढलें, तेव्हां निरोप धाडणें हा त्यांचा मूळ हेतु नव्हताच! फोनांतील नांवांपुढें ‘कामांत आहे’, ‘बॅटरी संपत आली’ अशी पाटी दिसावी, एवढीच कल्पना होती. पुढें त्याच वर्षीं अ‍ॅपलनें बंद असलेल्या अ‍ॅपकडूनही फोनवर सूचना येण्याची सोय केली. पाटी बदलतांच मित्रांना वर्दी जाऊं लागली, लोक पाट्यांवरूनच एकमेकांस थट्टेचीं उत्तरें देऊं लागले, आणि त्यांतून निरोपांचें साधन जन्मास आलें.

आपण लिहिलेली पाटी लवकर शिळी होते. ‘शाळेंत आहे’ हीं अक्षरें रविवारींही तशींच राहतात. यंत्रानें लिहिलेली पाटी शिळी होत नाहीं, पण ती सांगते थोडें. अ‍ॅप उघडून समोर आहे, तोंवर दूरच्या सर्व्हरला तसें कळत राहतें व तो ‘ऑनलाइन’ असें दाखवितो. अ‍ॅप मिटलें कीं ती वेळ नोंदली जाते. खिडकींत दिवा दिसला म्हणून घरांतला मनुष्य रिकामा आहे, असें थोडेंच ठरतें? तरीही ‘ऑनलाइन असून उत्तर दिलें नाहींस’ या एका वाक्यावरून जिवलग मैत्रिणी अबोला धरतात. उलट, परदेशीं शिकणाऱ्या मुलाची ‘लास्ट सीन’ची वेळ पाहून, एक शब्दही न बोलतां, आईचा जीव भांड्यांत पडतो. तिला तेवढें पुरतें.

पालकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ही वेळ सर्वांस खुली असेल, तर आपला नंबर ठाऊक असलेल्या परक्या मनुष्यास आपली मुलगी केव्हां निजते व केव्हां उठते, याचा अंदाज बांधतां येतो. सेटिंग्जमध्यें ‘लास्ट सीन’ केवळ ओळखीच्यांपुरती ठेवतां येते किंवा अजिबात झांकतां येते. ‘ऑनलाइन’ हें अक्षरही झांकण्याची मुभा २०२२ पासून आहे. मात्र जो आपली वेळ झांकील, त्यास दुसऱ्याचीही दिसत नाहीं. हा न्याय मला योग्य वाटतो.

याहून सभ्य योजना अ‍ॅपलनें २०२१ सालीं आयफोनांत आणली. अभ्यासास बसतांना ‘फोकस’ चालू केलें, तर निरोप लिहिणाऱ्या मित्रास इतकेंच दिसतें कीं याच्या सूचना सध्यां बंद आहेत. कारण सांगितलें जात नाहीं. आणि घरीं कोणी आजारी असलें, तर ‘तरीही कळवा’ या बटणावर बोट ठेवून त्यास उठवितां येतें.