इलेक्ट्रॉनिक्स कार्यशाळेतील भागसाठा

इलेक्ट्रॉनिक्स कार्यशाळेतील भागसाठा म्हणजे इलेक्ट्रॉनिक उपकरणांची बांधणी, चाचणी व दुरुस्ती करण्यासाठी लागणारे सुटे भाग, उपभोग्य साहित्य आणि हत्यारे यांचा संग्रह व त्याची व्यवस्था होय. हे भाग आकाराने लहान, संख्येने पुष्कळ आणि दिसायला बहुधा सारखे असतात. त्यामुळे हवा तो भाग असणे आणि तो वेळेवर सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. बाजारपेठेपासून दूर असलेल्या कार्यशाळेत हा फरक अधिक जाणवतो. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रम हे ग्रामीण भागातील अशा कार्यशाळेचे महाराष्ट्रातील परिचित उदाहरण आहे.

पाबळ येथील पार्श्वभूमी

डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग (१९२८–२००३) यांनी १९८३ मध्ये पाबळ या अवर्षणप्रवण गावात विज्ञान आश्रमाची स्थापना केली. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून त्याचे काम सुरू झाले. कलबाग यांनी पूर्वी हिंदुस्थान लिव्हर या कंपनीत संशोधक म्हणून काम केले होते. प्रत्यक्ष काम करता करता शिकणे हे आश्रमाच्या शिक्षणपद्धतीचे सूत्र आहे. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशा विभागांत विद्यार्थी गावाला उपयोगी पडणारी कामे करतात. भूजलाच्या शोधासाठी जमिनीचा विद्युत रोध मोजणारे उपकरण हे आश्रमाच्या आरंभीच्या कामांपैकी एक होय.

२००२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या (एमआयटी) सहकार्याने येथे फॅब लॅब सुरू झाली. एमआयटीबाहेर स्थापन झालेल्या सर्वांत आरंभीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. नील गर्शनफेल्ड हे या संकल्पनेचे प्रवर्तक मानले जातात. जगभरातील फॅब लॅबसाठी यंत्रे व सुटे भाग यांची एक सामाईक यादी ठेवली जाते. एका ठिकाणी तयार झालेला आराखडा दुसऱ्या ठिकाणीही बनवता यावा, हा त्यामागील हेतू आहे. म्हणजे येथे भागसाठा हा केवळ कोठाराचा विषय राहत नाही. कोणते ज्ञान दुसरीकडून घेता येईल आणि कोणते देता येईल हेही त्यावर अवलंबून असते.

साठ्याची निवड

सर्व भाग साठवणे कोणत्याही कार्यशाळेला शक्य नसते, म्हणून निवड प्रमाणित मालिकांच्या आधारे करतात. रोधकांच्या (रेझिस्टर) ई-१२ मालिकेत प्रत्येक दशकात १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८ व ८२ अशी बारा मूल्ये असतात. त्यानुसार १० ओहमपासून १ मेगाओहमपर्यंतचा संपूर्ण पल्ला ६१ मूल्यांत बसतो. मधले मूल्य हवे असल्यास दोन रोधक एकसरीत किंवा समांतर जोडून ते मिळवता येते.

भागाचा आकारही निवडीचा निकष ठरतो. फॅब लॅबमध्ये १२०६ या आकाराचे पृष्ठभागावर बसवायचे भाग रूढ आहेत. त्यांची लांबी ३.२ मिमी व रुंदी १.६ मिमी असते. चिमट्याने धरून साध्या सोल्डरिंग आयर्नने ते जोडता येतात, त्यामुळे नवशिक्यालाही ते पेलतात.

वर्गीकरण व मांडणी

भागांचे वर्गीकरण सामान्यतः प्रथम प्रकारानुसार आणि नंतर मूल्यानुसार करतात. रोधक, धारित्रे (कपॅसिटर), डायोड व एलईडी, ट्रान्झिस्टर, एकात्मिक परिपथ (आयसी), जोडण्या व स्विचे, तारा असे मुख्य गट पाडले जातात. प्रत्येक गटातील कप्पे चढत्या मूल्याने लावल्यास रिकामा कप्पा लगेच नजरेस येतो. नेहमी लागणारे भाग हाताच्या उंचीवर, जड वस्तू खाली आणि क्वचित लागणाऱ्या वस्तू वर ठेवण्याची रीत आहे.

वर्गीकरणाची दुसरी पद्धत प्रकल्पानुसार आहे. तीत एका उपकरणासाठी लागणारे सर्व भाग एका पेटीत मोजून ठेवतात. वर्गात शिकवताना ही पद्धत सोयीची पडते; मात्र एकच भाग अनेक पेट्यांत विखुरल्याने एकूण शिल्लक कळणे अवघड होते. म्हणून मुख्य साठा प्रकारानुसार ठेवून पेट्या कामापुरत्या भरणे अधिक श्रेयस्कर मानले जाते.

ओळख आणि लेबल

तारा असलेल्या रोधकावर रंगपट्टे असतात. पिवळा, जांभळा, लाल व सोनेरी हे पट्टे ४.७ किलोओहम आणि ५ टक्के विचलन दर्शवतात. लहान धारित्रावरील १०४ हा अंक १०० नॅनोफॅरड दाखवतो. पृष्ठभागावर बसवायच्या सिरॅमिक धारित्रांवर मात्र बहुधा काहीच छापलेले नसते. असे धारित्र पट्टीतून सुटून दुसऱ्या कप्प्यात पडले की नुसते पाहून त्याचे मूल्य सांगता येत नाही. प्रत्येक नग मापकावर तपासावा लागतो. त्यामुळे हे भाग वापरेपर्यंत मूळ पट्टीतच ठेवतात आणि लेबल झाकणावर न लावता कप्प्यावर लावतात, कारण झाकणे अदलाबदल होतात. चुकीच्या कप्प्यातील भाग हा संपलेल्या भागापेक्षा अधिक घातक असतो: संपलेला भाग काम थांबवतो, तर चुकीचा भाग परिपथात जाऊन तिथेच लपून राहतो.

साठवणुकीतील दक्षता

मॉसफेट व मायक्रोकंट्रोलर यांना स्थिर विद्युतभारामुळे इजा होऊ शकते. ही इजा डोळ्यांना दिसत नाही. असे भाग स्थिर विद्युतरोधी पिशवीत ठेवतात. हाताळताना भूसंपर्कित मनगटपट्टा वापरतात; त्यात सुरक्षिततेसाठी सामान्यतः १ मेगाओहमचा रोध असतो. पावसाळ्यातील दमटपणामुळे भागांच्या तारा काळवंडतात व त्यांवर सोल्डर नीट धरत नाही. म्हणून डबे हवाबंद ठेवून त्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाकतात. विद्युत-अपघटनी धारित्रे दीर्घकाळ न वापरता राहिल्यास त्यांतील गळती वाढते. त्यामुळे जुना माल आधी वापरण्याचा नियम पाळतात.

शिसे-आम्ल बॅटरी प्रभारित न करता ठेवल्यास ती कायमची निकामी होऊ शकते. लिथियम घट अंशतः प्रभारित अवस्थेत, थंड जागी आणि धातूच्या वस्तूंपासून दूर ठेवतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने ते सोल्डरिंगच्या मेजाजवळ साठवत नाहीत.

हत्यारे

हत्यारे उभ्या फळीवर टांगून प्रत्येकामागे त्याची बाह्याकृती रंगवण्याची पद्धत प्रचलित आहे. रिकामी आकृती दिसताच कोणते हत्यार परत आलेले नाही हे कळते. इलेक्ट्रॉनिक कामाचे कटर तांब्याच्या मऊ तारेसाठी असतात. त्यांनी लोखंडी तार तोडल्यास धारेला खाच पडते. यास्तव अभियांत्रिकी व इलेक्ट्रॉनिक काम एकाच आवारात चालते तेथे दोन्ही विभागांच्या कटर व पकडींना वेगळे रंग देणे उपयुक्त ठरते.

नोंदी व पुनर्मागणी

महाराष्ट्रातील शाळांत उपभोग्य वस्तूंची साठा नोंदवही आणि टिकाऊ वस्तूंचे डेड स्टॉक रजिस्टर वेगळे ठेवले जाते. सोल्डर व रोधक पहिल्यात, तर मल्टीमीटर व ऑसिलोस्कोप दुसऱ्यात नोंदवतात.

मागणी केव्हा नोंदवावी हे वापर आणि माल येण्यास लागणारा काळ यांवरून ठरते. समजा, आठवड्याला १५ एलईडी लागतात, माल यायला दोन आठवडे लागतात आणि राखीव साठा २० आहे. तर शिल्लक ५० वर येताच मागणी करावी लागते. हिशेब टाळण्यासाठी दोन पेट्यांची पद्धतही वापरतात: पहिली पेटी संपली की मागणी नोंदवायची आणि दुसरी वापरायला घ्यायची.

पुण्यातील पासोड्या विठोबा परिसर किंवा मुंबईतील लॅमिंग्टन रोड येथील बाजारात जाता येणाऱ्या कारागिराला विसरलेला भाग त्याच दिवशी मिळू शकतो. ग्रामीण कार्यशाळेत मात्र क्षुल्लक किमतीच्या रोधकासाठीही काही दिवस काम अडू शकते. म्हणून तेथे स्वस्त भाग मुबलक व महाग भाग मोजके ठेवणे किफायतशीर ठरते.

शिक्षणातील स्थान

शैक्षणिक कार्यशाळेतील वापरकर्ते दरवर्षी बदलतात. एखाद्या व्यक्तीच्या स्मरणावर चालणारी मांडणी ती व्यक्ती गेल्यावर कोलमडते. लेबल, नोंदवही आणि ठरलेली जागा यांवर आधारलेली मांडणी नव्या तुकडीच्या हाती जशीच्या तशी जाते. साठा मोजणे, मागणीचा हिशेब करणे आणि काम संपल्यावर वस्तू जागेवर ठेवणे ही कामे विद्यार्थ्यांकडे सोपवल्यास गणित व व्यवस्थापन यांचे प्रत्यक्ष शिक्षण मिळते. स्वतःचा दुरुस्ती व्यवसाय सुरू करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला परिपथाच्या ज्ञानाइतकेच हे ज्ञानही आवश्यक असते.