लाल दिवा लागतो, पुढे काही नाही

विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री रास्पबेरी पाय हटकून रुसतो, यावर प्रोजेक्टवाल्या मुलामुलींचं एकमत आहे. केबल लावली, लाल दिवा लागला, स्क्रीन मात्र काळा. मग ‘बोर्ड उडाला’ म्हणून सगळे मोकळे होतात. बहुतेक वेळा बोर्ड उडालेला नसतो. तो सुरू होता होता एखाद्या पायरीवर अडकलेला असतो. ती पायरी कोणती, हे ओळखायची सोय बनवणाऱ्यांनी बोर्डावरच करून ठेवली आहे. तिकडे न बघता कार्ड पुन्हा पुन्हा फॉरमॅट करत बसण्याने फक्त रात्र जाते.

29 फेब्रुवारी 2012 रोजी केंब्रिजमधून बाजारात आलेल्या या तळहाताएवढ्या संगणकाची जाग येण्याची पद्धत जरा उफराटी आहे. पहिल्या तीन पिढ्यांत वीज मिळाली की आधी ग्राफिक्सचा भाग, म्हणजे व्हिडिओकोर, कामाला लागतो. ज्याला आपण संगणकाचा मेंदू म्हणतो तो आर्म प्रोसेसर तोवर रोखून धरलेला असतो. चिपमध्ये कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्राम एसडी कार्डावरचं फॅट पद्धतीचं पार्टिशन शोधतो आणि तिथून ‘बूटकोड डॉट बिन’ उचलतो. ती फाइल ‘स्टार्ट डॉट एल्फ’ला आणते. हे फर्मवेअर ‘कॉन्फिग डॉट टीएक्सटी’ वाचतं, लिनक्सचं कर्नल मेमरीत नेऊन ठेवतं आणि मग कुठे आर्मला सोडतं. 2019 च्या पाय 4 पासून यातला सुरुवातीचा भाग बोर्डावरच्या ईईप्रॉम चिपमध्ये गेला आहे. क्रम मात्र साधारण तसाच आहे.

आता हिरव्या दिव्याकडे बघा. कार्ड वाचलं जात असेल तर तो अनियमित लुकलुकतो. ठरावीक संख्येने लुकलुकून थांबतो आणि पुन्हा तेच करतो, तेव्हा तो आकडा सांगत असतो. चार म्हणजे ‘स्टार्ट डॉट एल्फ’ सापडली नाही. सात म्हणजे कर्नल सापडलं नाही. आठ म्हणजे मेमरीत बिघाड, आणि ही बातमी खरंच वाईट. जुन्या मॉडेलवर तो अजिबात हलत नसेल, तर आधी कार्डावर संशय घ्या. स्क्रीनवर सप्तरंगी चौकोन येऊन तिथेच अडकला, तर फर्मवेअर आलं, कर्नल आलं नाही. आणि ओळींची रांग धावून ‘कर्नल पॅनिक’वर थांबली, तर बोर्ड ठणठणीत आहे. बिघाड कार्डाच्या दुसऱ्या पार्टिशनमध्ये किंवा ‘सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी’मध्ये आहे. या फाइलमधला सगळा मजकूर एकाच ओळीत असावा लागतो. मध्ये चुकून एंटर पडला की खेळ खलास.

दिवे बघून झाले की दुसरा संशयित वीज. माझ्या मते हाच पहिला असायला हवा, पण मोबाइलचा चार्जर चालतोय ना, मग यालाही चालेल, अशी आपली ठाम समजूत असते. साधा हिशेब करा. बारीक, लांब यूएसबी केबलचा जाण्या-येण्याचा मिळून रोध पाव ओहम धरला आणि बोर्डाने 2 अँपिअर ओढले, तर अर्धा व्होल्ट केबलमध्येच जिरतो. चार्जरपाशी 5 व्होल्ट, बोर्डापाशी साडेचार. पायची इशाऱ्याची रेषा 4.63 व्होल्टच्या आसपास आहे. त्याखाली गेलं की बऱ्याच मॉडेलांवर लाल दिवा विझतो किंवा स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह येतं. मोबाइलला हे जाणवत नाही, कारण त्याला बॅटरी आहे. तो जरा हळू चार्ज होतो, एवढंच. पायला बॅटरी नाही. सगळे कोर आणि वायफाय एकदम जागे होतात त्या क्षणी तो कोलमडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पाय 3 ला अडीच अँपिअरचा, पाय 4 ला 3 अँपिअरचा आणि पाय 5 ला 5 अँपिअरचा अडॅप्टर शिफारस केलेला आहे, तो उगाच नव्हे.

व्होल्टेज मोजायचंच असेल तर मल्टिमीटरची टोकं पिन 2 आणि पिन 6 वर ठेवा, पण हात स्थिर हवा. पिन 2 च्या शेजारीच पिन 1 आहे. टोक घसरून दोन्हींना एकदम टेकलं तर 3.3 व्होल्टच्या वाटेत 5 व्होल्ट शिरतात, आणि मग बोर्ड खरोखरच जातो.

कधी कधी दोष बनवणाऱ्यांचाही असतो. पाय 4 च्या पहिल्या बोर्डांवर यूएसबी-सीच्या ओळखीसाठी लागणारे दोन रोध वेगवेगळे न लावता एकच सामाईक लावला होता. त्यामुळे काही महागड्या, स्वतःची ओळख सांगणारी चिप असलेल्या केबली लावल्या की चार्जरला वाटे, समोर हेडफोनचा अडॅप्टर आहे. तो वीजच देत नसे. स्वस्तातल्या साध्या केबलवर तोच बोर्ड बिनतक्रार चाले! पुढच्या आवृत्तीत हे दुरुस्त झालं. 2015 मधला पाय 2 तर कॅमेऱ्याच्या झेनॉन फ्लॅशने फोटो काढला की बंद पडायचा. वीजपुरवठा सांभाळणारी एक चिप आवरणाशिवाय उघडीच होती. प्रखर प्रकाश सिलिकॉनवर पडून प्रकाशविद्युत परिणामाने तिचं गणित बिघडे. उपाय काय, तर त्या चिपवर चिकटमातीचा एक गोळा.

उरलं कार्ड. इथे एक सापळा विंडोज लावतं. पायचं कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं की ‘डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असा संदेश येतो. कार्डावरचं लिनक्सचं पार्टिशन विंडोजला वाचता येत नाही, म्हणून. घाईत ‘हो’ दाबलं की चांगली सिस्टिम पुसली जाते. दुसरा सापळा बनावट कार्डांचा. आकडा 64 जीबी दाखवतात, आत जागा मूठभर. लिहिताना तक्रार नाही, वाचताना कचरा. म्हणून इमेज लिहून झाल्यावर होणारी पडताळणी ‘स्किप’ करू नका. तिसरं कारण आपल्याकडे विशेष: अचानक जाणारी वीज. लिहिणं चालू असताना वीज गेली तर फक्त एखादी फाइल नाही, कार्डाची आतली नोंदवहीच बिघडू शकते. शेतातल्या पंपावर किंवा हवामान केंद्रावर पाय बसवणाऱ्यांनी सेटिंगमधली ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करावी. मग कार्डावर काही लिहिलंच जात नाही.

एक गोष्ट मात्र निर्धास्त करणारी आहे. जुन्या पायमधला पहिला प्रोग्राम सिलिकॉनमध्येच असल्याने चुकीच्या कार्डामुळे बोर्ड कायमचा निकामी होत नाही. पाय 4 चं ईईप्रॉम बिघडलं, तरी रास्पबेरी पाय इमेजरने बनवलेलं रिकव्हरी कार्ड घालून ते परत लिहिता येतं. काम झालं की स्क्रीन हिरवागार होतो. मुलांनी बिनधास्त खटपट करावी हा मूळ हेतू होता, आणि तो इथे पाळला गेला आहे.

कॉलेजांच्या प्रयोगशाळांना एवढीच विनंती: खात्रीचा एक अडॅप्टर आणि चालू असलेलं एक कार्ड नाव चिकटवून कपाटात ठेवा, आणि प्रोजेक्टसाठी कोणी मागितलं तरी देऊ नका.