कागदावरचे अ‍ॅव्हरेज आणि रस्त्यावरचे अ‍ॅव्हरेज

मोटार घ्यायला निघालेला मराठी माणूस पहिला प्रश्न विचारतो तो गाडीच्या वेगाविषयी नव्हे, तर तिच्या 'अ‍ॅव्हरेज'विषयी. एका लिटरमध्ये किती किलोमीटर, या एका आकड्यावर घरातल्या चर्चा झडतात आणि कर्जाचे हप्ते ठरतात. पुणे-सोलापूर महामार्गावरील पाटससारख्या गावात तर या प्रश्नाला विशेष वजन आहे. पुणे येथून साठेक किलोमीटरवर. दवाखाना, महाविद्यालय, सरकारी काम, नातेवाईक यांच्यासाठी पुण्याला जाणे नित्याचे. दौंड, बारामती आणि कुरकुंभची औद्योगिक वसाहत हाकेच्या अंतरावर. महिन्याकाठी दीड-दोन हजार किलोमीटर गाडी सहज फिरते. अशा घरांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत डिझेल मोटारीला पसंती दिली ती प्रामुख्याने अ‍ॅव्हरेजच्या भरवशावर. मात्र माहितीपत्रकातला आकडा आणि प्रत्यक्ष पंपावर निघणारा हिशेब यांत मोठी तफावत दिसू लागली की गाडीत बिघाड आहे, पंपावर माप मारले जाते किंवा कंपनीने फसवले, असे तीनच निष्कर्ष काढले जातात. बहुतेक वेळा खरे कारण या तिन्हींपेक्षा वेगळे असते.

प्रमाणपत्राचा आकडा येतो कुठून?

भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारींची इंधनक्षमता अधिकृत चाचणी संस्थांमध्ये मोजली जाते. त्यांतील सर्वांत परिचित संस्था पुण्यातच आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया', म्हणजेच 'एआरएआय', कोथरूडच्या टेकडीवर आहे. तेथे गाडी रस्त्यावर पळवली जात नाही. ती प्रयोगशाळेत फिरत्या रुळांवर उभी केली जाते आणि ठरलेल्या आराखड्यानुसार चालवली जाते. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंतील कार्बन मोजून किती इंधन जळाले, याचे गणित मांडले जाते.

हा आराखडा समजून घेतला की तफावतीचे अर्धे कोडे सुटते. दीर्घकाळ प्रचलित असलेली भारतीय चाचणी एकंदर ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांनाही थोडी कमी. त्यांतील पहिला ७८० सेकंदांचा भाग शहरी वाहतुकीचा. त्यात वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर जात नाही. उरलेल्या ४०० सेकंदांत शहराबाहेरचा प्रवास गृहीत धरलेला असून कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे. या काळात गाडी साडेदहा किलोमीटरच्या आसपास 'धावते'. वातानुकूलन यंत्रणा बंद असते, तापमान सौम्य असते, वेग वाढवण्याची गती अतिशय संथ असते आणि गाडीत पाच माणसे व त्यांचे सामान नसते. वैशाखातल्या दुपारी एसी लावून, घरातली पाच माणसे घेऊन ताशी १०० किलोमीटरने निघालेल्या गाडीचे या चाचणीत प्रतिबिंब पडणार तरी कसे?

म्हणून हा आकडा खोटा ठरत नाही. सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजल्या तर त्यांची आपसांत तुलना करता येते, हा त्याचा खरा उपयोग. घरखर्चाचे अंदाजपत्रक त्यावर बेतणे मात्र चूक आहे.

ही अडचण केवळ भारताची नाही. 'आयसीसीटी' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासानुसार युरोपात अधिकृत आकडा आणि प्रत्यक्ष वापर यांतील फरक २००१ मध्ये सुमारे ९ टक्के होता. २०१५ पर्यंत तो ४२ टक्क्यांवर गेला. त्यानंतर २०१७ पासून युरोपने अधिक कडक चाचणी आणली. तरीही २०२१ मध्ये नोंदल्या गेलेल्या गाड्यांच्या प्रत्यक्ष नोंदींवरून युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये जो अहवाल दिला, त्यात डिझेल मोटारींचा वापर अधिकृत आकड्यापेक्षा सुमारे १८ टक्के, तर पेट्रोल मोटारींचा सुमारे २४ टक्के अधिक आढळला.

रांजणगावचे इंजिन

शिरूर-दौंड परिसराचा या विषयाशी आणखी एक जवळचा संबंध आहे. शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाट आणि टाटा यांच्या संयुक्त प्रकल्पात १२४८ घनसेंटिमीटर क्षमतेचे 'मल्टिजेट' डिझेल इंजिन तयार होत असे. मारुतीने हेच इंजिन परवान्याखाली उत्तर भारतात बनवले आणि स्विफ्ट, डिझायर अशा गाड्यांत बसवले. टाटांच्या इंडिका व्हिस्टा, मान्झा या गाड्यांतही तेच होते. छोट्या कुटुंबाच्या मोटारीला डिझेल इंजिन शोभते, हा विश्वास १९९८ मध्ये आलेल्या टाटा इंडिकाने दिला होता. तो पक्का केला या इंजिनाने. २०१८ च्या डिझेल स्विफ्टचा प्रमाणित आकडा लिटरला २८.४ किलोमीटर होता. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज-६ हे प्रदूषणविषयक निकष लागू झाले, तेव्हा मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या आणि रांजणगावातील हे इंजिनही इतिहासजमा झाले. आज जुन्या बाजारात अशा गाड्यांना मागणी असते ती त्याच आकड्याच्या कीर्तीमुळे. म्हणून तो आकडा कसा वाचावा, हे आजही महत्त्वाचे.

डिझेल मुळात पुढे का?

डिझेलची आघाडी दुहेरी आहे. एक म्हणजे डिझेल पेट्रोलपेक्षा जड. त्यामुळे लिटरमागे त्यात दहा-बारा टक्के अधिक ऊर्जा असते. दुसरे म्हणजे डिझेल इंजिनात हवा कितीतरी अधिक दाबली जाते आणि हवेची वाट अडवून शक्ती कमी करावी लागत नाही. त्यामुळे उष्णतेतला मोठा वाटा कामी येतो. कमी फेऱ्यांवर मिळणारी ओढ हा आणखी एक फायदा. भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये शांतपणे जाते.

आता त्यात पेट्रोलमधील इथेनॉलची भर पडली आहे. दौंड परिसरातल्या उसातूनही जे इथेनॉल तयार होते, त्याची लिटरमागील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश. २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलमध्ये त्यामुळे सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. लिटरच्या मापाने पाहिल्यास डिझेलची आघाडी तेवढी वाढलेलीच दिसते.

पाटस ते पुणे : एक हिशेब

प्रत्यक्षात काय घडते हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. पाटसहून निघालेली डिझेल मोटार वरवंड, चौफुला, यवत, उरुळी कांचन असा ४५ किलोमीटरचा टप्पा ताशी ८० च्या वेगाने पार करते व तेथे लिटरला २१ किलोमीटर देते. पुढे लोणी काळभोर, हडपसर आणि शहरातील १५ किलोमीटरच्या गर्दीत तिला १२ चे अ‍ॅव्हरेज मिळते. पहिल्या टप्प्यात २.१४ लिटर, दुसऱ्यात १.२५ लिटर, एकूण ३.३९ लिटर. साठ किलोमीटरला भाग दिला की उत्तर येते १७.७. गाडीचा प्रमाणित आकडा २४ असेल, तर मालकाला सहा किलोमीटर 'चोरीला गेले' असे वाटेल. प्रत्यक्षात अंतराचा केवळ चौथा हिस्सा असलेल्या गर्दीने एक-तृतीयांशाहून अधिक डिझेल घेतले, एवढाच त्याचा अर्थ.

हाच महामार्ग ताशी १०५ ने कापला तर काय होते? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. समजा महामार्गावरील अ‍ॅव्हरेज २१ वरून १७ वर आले. मग त्या टप्प्याला २.६५ लिटर लागतील, म्हणजे अर्धा लिटर जादा, आणि पूर्ण प्रवासाचा आकडा १५.४ वर उतरेल. मोबदल्यात वाचलेला वेळ आठ मिनिटे. हडपसरच्या दोन सिग्नलवर तो सहज खर्ची पडतो.

इथे सरासरी काढताना होणारी एक नेहमीची गफलत सांगायला हवी. जाताना २४ आणि येताना १२ मिळाले तर सरासरी १८ नव्हे, १६ येते. किलोमीटरची नव्हे, लिटरची बेरीज करावी लागते.

रस्ता, ऋतू आणि वजन

महामार्ग म्हणजे सदैव मोकळा रस्ता, असेही नाही. गळिताचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर येतात. पुन्हा पुन्हा वेग कमी करून वाढवावा लागतो. ब्रेक दाबला की कमावलेला वेग उष्णतेच्या रूपाने वाया जातो आणि तो पुन्हा मिळवण्यासाठी नवे डिझेल जळते. आषाढी वारीच्या काळात संत तुकाराम महाराजांची पालखी याच मार्गाने पाटसपर्यंत येऊन रोटी घाटाने बारामतीकडे वळते. त्या दिवसांतील अ‍ॅव्हरेजची तुलना एरवीच्या दिवसांशी करण्यात अर्थ नाही.

चढाचा हिशेब मात्र वाटतो तितका भयंकर नाही. चौदाशे किलो वजनाची गाडी १०० मीटर उंच चढवायला सुमारे १.४ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि तिचा तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो असे धरले, तर हा चढ शंभर-सव्वाशे मिलिलिटर डिझेलचा होतो. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तर आधुनिक इंजिन इंधनाचा पुरवठा थांबवते आणि यातला काही भाग परत मिळतो. गाडी न्यूट्रल करून उतरण्याची सवय धोकादायक तर आहेच, शिवाय इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेलही त्यात जळत राहते.

उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवले तर छोटे डिझेल इंजिनही तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास डिझेल पिते. एसी सुरू असल्यास त्याहून जास्त. टायरमधली हवा कमी असणे, छतावरचे कॅरिअर, तुंबलेला एअर फिल्टर ही कारणे सुटी सुटी किरकोळ वाटतात. एकत्र आली की आकडा चांगलाच खाली खेचतात.

भारत स्टेज-६ च्या डिझेल गाड्यांबाबत आणखी एक पथ्य आहे. धुरातील काजळी अडवणारी गाळणी त्यांच्यात असते. साठलेली काजळी जाळण्यासाठी गाडी अधूनमधून जादा डिझेल वापरते आणि त्यासाठी तिला सलग काही वेळ मोकळ्या रस्त्यावर पळावे लागते. जिची धाव रोज बाजार आणि शाळेपुरतीच आहे, अशा गाडीत हे चक्र अर्धवट राहते. अ‍ॅव्हरेज घसरते आणि दुरुस्तीचा खर्चही ओढवू शकतो.

खरे अ‍ॅव्हरेज कसे मोजावे?

डॅशबोर्डवर दिसणारा आकडा हा अंदाज असतो आणि बहुधा तो थोडा उदार असतो. विश्वासार्ह पद्धत जुनीच : टाकी पूर्ण भरावी, नोझल आपोआप पहिल्यांदा बंद होताच थांबावे आणि ट्रिप मीटर शून्यावर आणावे. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशाच रीतीने भरावे. एका भरण्यावर विसंबू नये; तीन-चार भरण्यांतील एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागावे. १६२० किलोमीटरला ९० लिटर लागले, तर त्या घरासाठी त्या गाडीचे अ‍ॅव्हरेज १८. तोच आकडा अंदाजपत्रकात धरावा. नोंदवही ठेवल्याचा दुसरा लाभ असा, की वापर तोच असताना आकडा अचानक दोन-तीन किलोमीटरने घसरला तर तो बिघाडाचा इशारा ठरतो.

डिझेल परवडते कोणाला?

एके काळी सरकारी नियंत्रणामुळे डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि हा आधार बव्हंशी गेला. आता हिशेब प्रत्येक घराने स्वतः मांडायचा आहे. उदाहरणादाखल पेट्रोल १०५ आणि डिझेल ९० रुपये लिटर धरू. पेट्रोल गाडीचे प्रत्यक्ष अ‍ॅव्हरेज १५ आणि डिझेलचे १९. पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे ७ रुपये, डिझेलला ४ रुपये ७४ पैसे. फरक सव्वादोन रुपयांचा. डिझेल गाडीसाठी सव्वा लाख रुपये जादा मोजले असतील, तर ते भरून निघायला सुमारे ५५ हजार किलोमीटर लागतील. वर्षाला २० हजार किलोमीटर फिरणाऱ्यास त्यासाठी पावणेतीन वर्षे पुरतील. ८ हजार फिरणाऱ्यास मात्र सात वर्षे वाट पाहावी लागेल. जादा रकमेवरील व्याज आणि देखभालीचा खर्च यात धरलेला नाही. तो धरला तर ही मुदत आणखी लांबते.

म्हणून पाटसहून रोज पुणे गाठणाऱ्याला डिझेल गाडी आजही फायद्याची ठरू शकते. आठवड्यातून एकदा दौंडच्या बाजाराला जाणाऱ्याला ती बहुधा ठरत नाही. गाडी तीच, इंधन तेच, रस्ताही तोच. निर्णय फिरतो तो वापरावर. माहितीपत्रकातल्या आकड्यातून, समजुतीसाठी, चौथा हिस्सा वजा करावा, उरलेल्या आकड्यावर हप्त्याचे गणित मांडावे आणि मगच सही करावी. त्याहून अधिक मिळाले, तर ती बचत समजावी.