व्यवस्थापकाचे दुभाषेपण

सप्तशृंग गडाच्या पायथ्याचे वणी ज्या दिंडोरी तालुक्यात मोडते, त्याच तालुक्यातील मोहाडी येथे विलास शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या 'सह्याद्री फार्म्स' या शेतकऱ्यांच्या कंपनीचा कारभार पाहिला, म्हणजे व्यवस्थापकाला प्रशिक्षक व भाषांतरकारही का व्हावे लागते, हे ध्यानी येते. १९९७ साली 'युरेपगॅप' या नावाने प्रवर्तित झालेली व २००७ पासून 'ग्लोबलगॅप' म्हणविली जाणारी चांगल्या शेतीपद्धतीची मानके मुळात परभाषेतील. परंतु फवारणीची तारीख, औषधाची मात्रा आणि काढणीपूर्वीचा प्रतीक्षाकाळ दप्तरी नोंदवायचा तो मराठी बागाईतदाराने. द्राक्षनिर्यातीसाठीच्या २००६ च्या 'ग्रेपनेट' व्यवस्थेत निर्यातीची पेटी मूळ बागेपर्यंत मागे शोधता येते ती अशाच नोंदींच्या बळावर, आणि म्हणून नियमाचे प्रयोजन शेतकऱ्याला त्याच्या बोलीत उलगडून सांगणे हे मी श्रेष्ठ प्रतीचे लोकशिक्षण समजतो.