केसाहून पातळ थराची राखण

गाडी दारातली : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण दोन बादल्यांत गाडी धुतली. ज्यांनी ती नीट धुतली, त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली असेल. गाडी स्वच्छ होते, पण उन्हात बॉनेटकडे तिरकं पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे दिसतात आणि रंग थकल्यासारखा वाटतो. अशा वेळी शेणवा-किन्हवली पट्ट्यातली मंडळी एकतर शहापूरला जाऊन ‘रबिंग-पॉलिश’ करून आणतात, नाहीतर दुकानातून रबिंग कंपाउंडचा डबा आणून अंगणातच घासायला बसतात. घरी करायला माझी काहीच हरकत नाही, उलट आग्रहच आहे. पण आपण नेमकं काय घासतोय, ते आधी कळायला हवं.

गाडीच्या पत्र्यावर सगळ्यात खाली गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सरासरी ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाडीची सगळी चमक केसाहूनही पातळ अशा एका पापुद्र्यात आहे. उन्हातली अतिनील किरणं अडवणारी द्रव्यंही याच थरात असतात. पॉलिश करणं म्हणजे हा पापुद्रा थोडा झिजवून चऱ्यांचे काठ सपाट करणं. जोरकस कंपाउंडच्या एका खेपेत दोन-चार मायक्रॉन सहज जातात. दरवर्षी दिवाळीला रबिंग करून घेणाऱ्या गाडीच्या टपावर काही वर्षांनी पांढरे पोपडे का धरतात, याचं उत्तर या हिशेबात आहे. तो थर एकदा संपला की कुठलंही पॉलिश तो परत आणत नाही. मग पुन्हा रंग मारावा लागतो.

जुन्या मेकॅनिकचा सल्ला मात्र वेगळा असतो : ‘चांगलं जोर लावून घास, रंग खुलेल.’ तो खोटं सांगत नाही. तो वेगळ्या गाड्यांवर शिकला आहे. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीने ड्युको नावाचा लवकर वाळणारा रंग मोटारींसाठी आणला. त्याआधी एक गाडी रंगवायला आठवडेच्या आठवडे लागत. पुढे कितीतरी दशकं मोटारींवर असा एकेरी रंगच असायचा, वर पारदर्शक थर नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी अ‍ॅम्बेसेडर घासली की फडक्याला गाडीचा रंग लागायचा. वरचा विटलेला रंग निघून खालचा ताजा दिसायचा आणि खाली भरपूर रंग शिल्लक असायचा. तुमच्या गाडीवर क्लिअर कोट आहे की नाही, हेही असंच कळतं. कोपऱ्यात थोडं पॉलिश पांढऱ्या फडक्याने घासून पाहा. फडकं पांढरं किंवा राखाडी राहिलं तर क्लिअर कोट आहे. लाल गाडीवर फडकं लाल झालं तर एकतर रंग एकेरी आहे, नाहीतर वरचा थर आधीच गेलेला आहे, आणि दुसऱ्या शक्यतेत तिथेच हात थांबवायचा.

आता चरे कशामुळे पडतात ते बघू. आपल्याकडे त्याचं कारण बहुतेक वेळा सकाळच्या सवयीत असतं. पावसाळा सरला की शहापूर-मुरबाड भागात वीटभट्ट्या पेटतात. भट्टीची राख, जळक्या तुसाचे कण आणि रस्त्याची धूळ रात्रभर गाडीवर बसते. थंडीत त्यावर दंव पडतं आणि त्या धुळीचा ओला लेप होतो. सकाळी निघायच्या घाईत आपण हातात येईल ते फडकं, बरेचदा जुनी बनियन, घेतो आणि काचेबरोबर बॉनेटवरूनही फिरवतो. दगडाच्या बारीक चुऱ्याने घासावं तसंच हे झालं. डिझेल किंवा रॉकेलचं बोट लावलेलं फडकं फिरवणारे तर बरेच आहेत. त्याने चमक येते ती तेलकटपणाची, आणि त्या तेलकटपणावर दुपारपर्यंत दुप्पट धूळ चिकटते. हे थांबल्याशिवाय पॉलिश करण्यात अर्थ नाही. सकाळी पुसायची असेल तर फक्त काच पुसा.

पॉलिश करायला जागा सावलीची हवी आणि पत्रा हाताला गार लागला पाहिजे. पडवीत किंवा गोठ्याच्या छपराखाली गाडी उभी राहत असेल तर उत्तम. आंब्याखाली मात्र नको. मोहोर आला की त्यावरचे तुडतुडे गोड चिकटा सोडतात. तो गाडीवर बारीक थेंबांनी बसतो, पुढे त्यावर काळी बुरशी धरते. साखरच ती, त्यामुळे कोमट पाण्यात विरघळते. पण वेळ गेला की नखाने खरवडायचा मोह होतो.

धुतल्यावर हाताला प्लास्टिकची पातळ पिशवी घालून बॉनेटवरून हळूच बोटं फिरवा. डोळ्यांना जे दिसत नाही ते इथे कळतं. धुऊनही पृष्ठभाग खरखरीत लागत असेल तर राखेचे, लोखंडाचे, डांबराचे कण थरात रुतून बसलेले आहेत. ते काढायला क्ले बार मिळतो. हा मऊ मातीसारखा गोळा असतो. पत्रा शाम्पूच्या पाण्याने ओला ठेवून तो अजिबात जोर न देता पुढे-मागे फिरवायचा, मळला की मळून उलटा करायचा. खाली पडला तर फेकून द्यायचा, कारण अंगणातली वाळू त्याला चिकटली की तो क्ले राहत नाही, पॉलिश पेपर होतो. बऱ्याच गाड्यांचं काम एवढ्यानेच निम्मं होतं, रंग उजळतो आणि पॉलिश लागेलच असं राहत नाही.

तरीही चरे खुपत असतील तर नखाची परीक्षा करा. चऱ्यावरून आडवं नख फिरवल्यावर ते अडकलं, तर तो चरा घासून जाणार नाही, त्याच्या नादी लागू नका. नख सरळ गेलं तर पुढे जायला हरकत नाही. प्लास्टिकच्या पट्ट्या, रबर, दरवाज्यांचे काठ आणि पत्र्याच्या उठावदार रेषा मास्किंग टेपने झाका, कारण काठावर थर सगळ्यात पातळ असतो. बंपर प्लास्टिकचा असतो. घासल्याने तयार होणारी उष्णता पत्र्यासारखी त्यातून पसरत नाही, म्हणून तिथला रंग लवकर जळतो.

यंत्राचं म्हणाल तर गॅरेजमध्ये लोकरीचं पॅड लावलेलं, एकाच जागी गरगर फिरणारं बफिंग मशीन असतं. ते नवख्याच्या हातात देऊ नये. घरच्या कामाला ड्युअल अ‍ॅक्शन मशीन, म्हणजे फिरता फिरता हेलकावेही खाणारं, ते बरं. जास्त दाबलं की त्याचं फिरणं मंदावतं, त्यामुळे ते थर जाळून टाकण्याची शक्यता फार कमी. विकत घ्यायला ते महाग पडतं. चार घरांत मिळून एक घेतलं तरी पुरतं. आणि यंत्र नसेल तर स्पंजच्या चकतीने हाताने केलेलं कामही वाया जात नाही. चरे सगळे जात नाहीत, पण रंग मात्र स्पष्ट खुलतो.

सुरुवात बॉनेटच्या एका कोपऱ्यात, दीड-दोन फूट औरसचौरस जागेवर करा. मऊ फोमचं पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिश घ्या. पॅडवर हरभऱ्याएवढे चार-पाच थेंब टाका, आधी यंत्र बंद ठेवूनच ते त्या चौकोनात पसरवा, मग मध्यम वेगावर सुरू करा. हात सेकंदाला एक-दोन इंच, त्याहून घाई नाही. आडवी ओळ झाली की दुसरी तिच्या निम्म्यावर चढवून, मग उभ्या ओळी, अशा चार-पाच फेऱ्या झाल्या की पांढरट लेप पातळ आणि तेलकट होत जातो. तिथे थांबून मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसा आणि मोबाइलची बॅटरी तिरकी धरून बघा. चरे निम्म्याहून कमी झाले असतील तर हेच पॉलिश सगळ्या गाडीला पुरे. काहीच फरक नसेल तरच एक पायरी जोरकस पॉलिश घ्या. शंभर टक्के चरे घालवायचा हट्ट कुणी धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आठ-दहा वर्षं वापरायच्या गाडीवर उरलेला थर चऱ्यांपेक्षा मोलाचा आहे. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करा, नाहीतर निघालेला मळच पुढच्या चौकोनात घासला जातो. सेकंडहँड गाडीचं एखादं दार किंवा मडगार्ड पूर्वी रंगवलेलं असेल तर तिथे आणखी हलका हात. ताज्या रंगवलेल्या भागाला तर दीड-दोन महिने मेण वा कुठलाही लेप लावू नये, आतले द्रावक उडून जायला तेवढा वेळ लागतो.

पॉलिशमध्ये तेलं असतात, ती उरलेल्या चऱ्यांत भरतात आणि गाडी आहे त्याहून छान दिसते. पहिल्या दोन-तीन धुण्यांत ही सजावट उतरते आणि मग ‘पॉलिश टिकलं नाही’ अशी तक्रार होते. म्हणून वरचा संरक्षक लेप लावण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात साधारण दहा-पंधरा टक्के मिसळून त्यात भिजवलेल्या फडक्याने सगळी गाडी पुसा. खरं काय साधलं ते तेव्हा दिसतं, आणि वरचा लेपही मग थेट रंगाला धरतो.

लेपाबद्दल मला जास्त कळकळीने सांगायचं आहे, कारण आपल्या भागात तो चमकेपेक्षा पाण्याचा विषय आहे. भातसा, तानसा ही धरणं आपल्याच शहापूर तालुक्यात. मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. आणि एप्रिल-मे आला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. अशा गावात पाइप लावून अर्धा तास गाडी धुणं मला योग्य वाटत नाही. लेप असलेल्या गाडीवर मळ पकडून बसत नाही. एरवी चार-पाच बादल्या लागतात तिथे दीड-दोन बादल्यांत ती साफ होते, भर उन्हाळ्यातही ती नुसत्या ओल्या फडक्यांवर काढता येते. पॉलिश एखाद्या वर्षी टाळलं तरी चालेल, लेप टाळू नका.

बाजारात तीन प्रकार मिळतात. कार्नौबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून निघतं. ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे मेणांमध्ये चिवट. पण मे महिन्यातला गडद बॉनेट त्याच्या बऱ्यापैकी जवळ जाऊन पोहोचतो, त्यामुळे आपल्या उन्हात ते महिना-दोन महिने टिकतं. कृत्रिम पॉलिमरचं सीलंट चार ते सहा महिने जातं. सिरॅमिक कोटिंग वर्ष-दोन वर्षं टिकतं, पण लावल्यावर निदान बारा ते चोवीस तास त्यावर पाण्याचा थेंब पडता कामा नये. हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे दंव असतं, पावसाळ्यात हवाच ओली. चारी बाजूंनी बंद जागा असल्याशिवाय ते साधत नाही, आणि पुसायचा राहिलेला डाग कडक झाला की तो पुन्हा घासूनच काढावा लागतो. नवख्याने सीलंट घ्यावं, यात मला शंका नाही.

सीलंट लावताना सगळ्यांचा हात सैल सुटतो. खरं तर बॉनेटला चमचाभरही पुष्कळ झालं. जाड थर जास्त टिकत नाही, पुसायलाच जास्त त्रास देतो. लावून झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि एक बोट ओढून पाहा. बोटामागे स्वच्छ चकचकीत पट्टा उमटला तर ते वाळलं, धूसर फराटा उमटला तर आणखी थांबा. मग स्वच्छ फडक्याने पुसा, निम्म्यावर फडकं उलटवा. दारांच्या फटींत आणि नंबरप्लेटच्या कडेला पांढरी भुकटी अडकते, ती मऊ ब्रशने त्याच दिवशी काढा.

वेळ कधीची धरावी? वर्षातून दोनदा. एक, भातकापणी उरकली की दिवाळीच्या आगेमागे. तेव्हा पावसाचा चिखल धुऊन निघालेला असतो आणि भट्ट्यांची धूळ सुरू व्हायची असते. या वेळी गरज वाटली तरच पॉलिश, त्यावर सीलंट. दुसरी, मेच्या शेवटच्या आठवड्यात. राबाची भाजणी आटोपलेली असते, तिची राख धुऊन काढायची आणि पॉलिशला हात न लावता नुसतं सीलंट. पावसाचे चार महिने त्यावर निघतात.

शेवटी दोन गोष्टी पाण्याच्या आणि पाखरांच्या. बोअरचं पाणी जड असतं. उन्हात गाडीवर वाळलं की चुन्याचे पांढरे ठिपके राहतात. पांढरा व्हिनेगर निम्मं पाणी घालून ठिपक्यांवर लावा, मिनिटभराने धुऊन टाका. जूनमध्ये चार पाऊस पडून कौलं धुतली गेली की पागोळ्यांखाली पिंप ठेवा. शेवटच्या विसळणीला त्यासारखं पाणी नाही, त्याचे डाग पडत नाहीत. पाखरांची विष्ठा मात्र सीलंट असलं तरी तशीच राहू देऊ नये. उन्हात तापून क्लिअर कोट मऊ पडतो, पसरतो, आणि थंड होताना त्या वाळक्या गोळ्याभोवती आकसतो. त्याचा ठसा मग कायमचा राहतो. ओलं फडकं पाच-दहा मिनिटं नुसतं त्यावर ठेवा, मग न घासता उचला. हे त्याच दिवशी व्हायला हवं, रविवारच्या धुण्याची वाट बघू नका.

पुढच्या आठवड्यात : चिखल, शेण आणि ओल यांत भिजणारा गाडीचा तळ, आणि त्याचा गंज.